पुढची केबिन: पडदा, पार्टिशन की नुसती पायांना जागा?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर एटीआर ७२ हे पंख्यांचं छोटं विमान उभं असलं की नवखा माणूस हमखास नाकाकडे चालायला लागतो. मग ग्राउंड स्टाफ हातानं खूण करून त्याला शेपटीकडे वळवतो. कारण एटीआरमध्ये प्रवासी चढतात ते मागच्या डाव्या दारानं, आणि कॉकपिट अन् पहिली रांग यांच्यामध्ये असते सामानाची खोली. त्यामुळे पहिली रांग म्हणजे दारापासून सगळ्यात लांबची जागा. चढताना शेवटपर्यंत चालायचं आणि उतरताना सगळ्यांची वाट बघायची. अशा विमानात ‘पुढची केबिन खास करू’ हा विचारच फारसा टिकत नाही.

हे आधी सांगायचं कारण असं, की आपल्याकडच्या इंटिरिअर आणि प्रॉडक्ट डिझाइनच्या मुलांकडून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हाच विषय अधूनमधून येतो: एकाच आयलच्या, म्हणजे सीटांमधून चालायची एकच वाट असलेल्या, जेट विमानाची पुढची केबिन मांडायची आहे, कुठला लेआउट घेऊ? सोबत सीटची सुंदर रेंडर्स असतात. लेदर, शिलाई, दिव्यांचा रंग, सगळं असतं. दार कुठाय हे मात्र चित्रात दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच, की पुढची केबिन सीटवरून ठरवायला जाऊ नका. पहिल्या दाराभोवती काय ठेवता येतं आणि त्यामागच्या इंचांचे पैसे कोण देणार, यावरून ती ठरते.

उदाहरणाला एअरबस ए३२० घेऊ. नाकाकडे तोंड करून उभे राहिलात तर कॉकपिटच्या दाराबाहेर डावीकडे टॉयलेट, उजवीकडे गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, आणि त्यांच्या मागे दोन्ही बाजूंना दारं. डाव्या दारानं प्रवासी चढतात, उजव्या दाराशी केटरिंगची गाडी लागते. टॉयलेटच्या भिंतीवर केबिन क्रूची घडीची सीट, म्हणजे जंपसीट, असते आणि तिचं तोंड प्रवाशांकडे असतं. तिथे बसलेल्या माणसाला केबिन दिसली पाहिजे असा नियम आहे. दाराशी क्रूला उभं राहून लोकांना बाहेर काढता यावं म्हणून १२ बाय २० इंचांची जागा मोकळी सोडावी लागते. आणि प्रवासी व आपत्कालीन दार यांच्यामध्ये आणखी एखादं बंद होणारं दार चालत नाही. पडदा चालतो, पण टेकऑफ-लँडिंगला तो उघडा बांधून ठेवायचा. म्हणजे शिरल्याशिरल्या समोर शोभेची जाळी, पाठीमागून दिवे, एखादा गणपती, हा आपल्या इंटिरिअरवाल्यांचा आवडता मोह इथे पहिल्याच तपासणीत गळून पडतो.

मटेरियलचंही तसंच. राजारामपुरीतल्या दुकानातून आणलेला प्लाय-सनमायकाचा नमुना फक्त रंग दाखवायला वापरा. विमानातल्या भिंती मधमाशीच्या पोळ्यासारख्या गाभ्याच्या हलक्या पॅनेलच्या असतात, आणि मोठ्या पृष्ठभागांना जळताना किती उष्णता बाहेर टाकायची याची मर्यादा असते. धंद्यात तिला ‘पासष्ट-पासष्ट’ म्हणतात: उष्णता सुटण्याचा सर्वोच्च दर चौरस मीटरला ६५ किलोवॅट, आणि पहिल्या दोन मिनिटांची एकूण उष्णता ६५ किलोवॅट-मिनिट. वर चिकटवलेली जाड सजावटी फिल्मसुद्धा या हिशोबात धरली जाते.

आता पर्याय. सगळी केबिन एकसारखी, १८० किंवा १८६ सीट, हा एक आहेच. पण त्यात डिझाइन करायला फार काही उरत नाही, म्हणून तो बाजूला ठेवू. खरी निवड तिघांत आहे.

पहिला पडद्याचा. युरोपातल्या बऱ्याच कंपन्या जवळच्या उड्डाणांना हीच पद्धत वापरतात. सीट तीच, आयलच्या दोन्ही बाजूंना तीन-तीनची. बिझनेसच्या रांगांत मधली सीट रिकामी ठेवायची आणि मागे पडदा ओढायचा. आज बिझनेसची तिकिटं जास्त गेली तर पडदा तीन रांगा मागे, उद्या कमी गेली तर पुढे. विमानाचं एकही बोल्ट हलत नाही. वरचं पॅनेल, म्हणजे दिवा, हवेची जाळी आणि ऑक्सिजन मास्कचा डबा, जिथल्या तिथे राहतं. कंपनीच्या दृष्टीनं यापेक्षा स्वस्त काही नाही.

पण भारतात हा पर्याय निवडताना मी दहादा विचार करीन. दुप्पट पैसे मोजलेला आपला प्रवासी बसल्याबसल्या मागे वळून बघतो. मागच्याची सीट आणि आपली सीट एकच आहे हे त्याला कळायला वेळ लागत नाही, गुडघे तेवढ्याच अंतरावर टेकतात. मधल्या सीटवर ट्रे लावून दिला म्हणून त्याचं समाधान होईल असं मला वाटत नाही. जेवण आणि लाउंज यांच्या जोरावर ही पद्धत चालते. पाऊण-एक तासाच्या उड्डाणात जेवणाला वाव नाही आणि लहान विमानतळावर लाउंजची फार मदत नाही.

दुसरा पर्याय पक्क्या बिझनेसचा: दोन-दोनच्या रुंद सीट, मागे पार्टिशन. ए३२०ची केबिन ३.७० मीटर रुंद. तीन-तीनमध्ये साधारण १८ इंचांची सीट बसते, दोन-दोन केल्यावर २१ इंचांच्या आसपास. इथे आधी गणित करा, रेंडर नंतर. दोन रांगांतील अंतराला पिच म्हणतात, आणि सीट ज्या रुळांवर बसते त्या सीट ट्रॅकवर एकेका इंचावर जागा असते, त्यामुळे सगळा हिशोब पूर्ण इंचांत होतो. समजा ३८ इंच पिचच्या तीन रांगा घेतल्या, म्हणजे १२ सीट. तीन गुणिले अडतीस, ११४ इंच. त्याच लांबीत २८-२९ इंचांच्या इकॉनॉमीच्या चार रांगा मावतात, म्हणजे २४ सीट. १२ मिळवायला २४ घालवल्या.

हे कागदी गणित नाही. इंडिगोनं २०२४ च्या शेवटी ‘स्ट्रेच’ नावाची बिझनेस केबिन आणली ती ए३२१ मध्ये. आधीच्या २३२ सीटच्या जागी पुढे १२ आणि मागे २०८, एकूण २२०. बरोबर १२ सीट कमी. एम्ब्रेअर १७५ मध्येही हाच आकडा भेटतो. एकाच वर्गात ते ८८ पर्यंत सीट घेतं. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या घोडावत समूहाची स्टार एअर ते १२ बिझनेस आणि ६४ इकॉनॉमी असं, म्हणजे ७६ सीटचं चालवते. त्या विमानात इकॉनॉमी मुळातच दोन-दोनची आहे, मधली सीट नाहीच. त्यामुळे पुढच्या माणसाला रुंदी आणि लांबी दोन्ही वाढवून दाखवावी लागते, नुसती मधली जागा रिकामी सोडून भागत नाही.

थोडक्यात, पुढची एक सीट इकॉनॉमीच्या दोन तिकिटांपेक्षा जास्त पैसे आणणार असेल तरच हा पर्याय. आणि ती रोज भरली पाहिजे. यात एक गोष्ट विद्यार्थी नेहमी विसरतात: सीट कमी केल्या म्हणून क्रू कमी होत नाही. दर ५० सीटमागे किंवा त्याच्या भागामागे एक केबिन क्रू लागतो. १८० सीटना चार, १६४ सीटनाही चारच. १५० वर आलात तर तीन. त्यामुळे तुमचा लेआउट १५२ वर येऊन थांबत असेल तर आणखी दोन सीट काढायचा विचार जरूर करा. एका माणसाचा रोजचा खर्च त्या दोन सीटवर अडकलेला असतो.

पार्टिशनचा त्रास याहून वेगळा. सीटची चाचणी पुढच्या दिशेला १६ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट, धक्क्यानं होते, आणि त्यात प्रवाशाचं डोकं समोरच्या वस्तूवर आपटलं तर दुखापतीचा निर्देशांक १००० च्या वर जाता कामा नये. समोर दुसऱ्या सीटची पाठ असेल तर ती मोडते, वाकते, धक्का खाते. समोर कडक भिंत असेल तर ती काही ऐकत नाही. म्हणून भिंतीमागची पहिली रांग मागे सरकवावी लागते, नाहीतर एअरबॅग असलेला पट्टा द्यावा लागतो, आणि तो महाग व वजनदार. पार्टिशन घातलं की ही कटकट दोनदा येते: एकदा बिझनेसच्या पहिल्या रांगेला, दुसऱ्यांदा इकॉनॉमीच्या पहिल्या रांगेला. ११४ इंचांच्या वरचे हे इंच विद्यार्थ्यांच्या ड्रॉइंगमध्ये कधीच नसतात. इकॉनॉमीच्या त्या रांगेतल्या प्रवाशाला वाटतं की कंपनीनं मोठ्या मनानं पायांना जागा दिली.

खिडक्यांकडेही बघा. ए३२० च्या सांगाड्याच्या कड्या साधारण २१ इंचांवर आहेत, त्यामुळे खिडक्याही त्याच अंतरावर. पिच ४२ ठेवली तर प्रत्येक रांगेला अगदी सारख्या दोन खिडक्या येतात. ३८ ठेवली तर पहिल्या रांगेत नेमकी बसलेली खिडकी दुसऱ्या रांगेत चार इंच आणि तिसऱ्या रांगेत आठ इंच सरकते. त्या तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या खांद्याशी दोन खिडक्यांमधली भिंत येऊ शकते. दोन-तीन रांगांचाच प्रश्न असेल तर मी ४२ चा आग्रह धरून बघतो. बहुतेक वेळा हिशोबवाले तो मोडून काढतात, ते सोडा.

तिसरा पर्याय मला आपल्या मार्गांसाठी सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: सीट तीन-तीनचीच, पण पुढच्या चार रांगांना पिच वाढवून द्यायची. एअर इंडियाच्या नव्या मांडणीच्या ए३२० निओमध्ये ८ बिझनेसच्या मागे अशा २४ प्रीमियम इकॉनॉमीच्या सीट आहेत, आणि त्यामागे १३२ इकॉनॉमी, मिळून १६४. त्यातला बिझनेसचा भाग काढून टाकला आणि फक्त मधली कल्पना पुढे आणली असं समजा. चार रांगांना २९ ऐवजी ३२ इंच दिले तर १२ इंच खर्च होतात. तेवढे इंच मागच्या रांगांतून एकेक करून निघत असतील तर एकही सीट जात नाही. नसतील निघत तर फार तर एक रांग, सहा सीट. पार्टिशन नाही, म्हणून डोकं आपटण्याचा नवा प्रश्न नाही. सीट एकाच बनावटीची, म्हणून सुटे भाग एकच. वरची पॅनेलं तेवढी नव्या रांगांशी जुळवून सरकवायची. ते काम टाळता येत नाही, कारण मास्क हाताशी पडला पाहिजे.

कोल्हापूर-मुंबई सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आसपास. अशा उड्डाणात विमान वर जातं आणि खाली यायला लागतं. माणसाला हवं असतं ते दोन गोष्टींपुरतं: गुडघा समोर टेकू नये, आणि उतरल्यावर आधी बाहेर पडता यावं. या दोन्ही गोष्टी तिसरा पर्याय देतो. तुमच्या प्रोजेक्टमधलं विमान दिवसात एकदा दुबईलाही जाणार असेल, तीन तासांवर बसायचं असेल, तर मात्र दुसऱ्याकडे वळा, आणि मग गॅलीपासून सुरुवात करा.

गॅलीपासून म्हणजे ट्रॉलीपासून. पूर्ण ट्रॉली साधारण ३० सेंटिमीटर रुंद, ८१ लांब आणि १०३ उंच. ८१ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ ३२ इंच, म्हणजेच ती आयलमध्ये उभी राहिली की प्रीमियमची एक अख्खी रांग अडवते. खाली दोन पेडल असतात, लाल दाबलं की ब्रेक, हिरवं दाबलं की सुटतो. आयलची किमान रुंदी नियमानं जमिनीपासून २५ इंचांपर्यंत १५ इंच आणि त्यावर २० इंच. ट्रॉली १२ इंचांची, म्हणून ती जाते. पण शेजारून माणूस जात नाही. वैमानिक टॉयलेटला बाहेर येतो तेव्हा क्रू हीच ट्रॉली आडवी लावून वाट अडवतात. १२ जणांना गरम जेवण द्यायचं तर ओव्हन हवा, दोन-तीन ट्रॉल्या हव्यात, आणि त्या ठेवायच्या तर पुढची गॅली पूर्ण आकाराची हवी. तिसऱ्या पर्यायात पाण्याचा बॉयलर आणि एक अर्धी ट्रॉली पुरते. उरलेल्या जागेत कपाट करता येतं. क्रूच्या बॅगा कुठे जातात हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण कपाट दिलंत तर क्रू तुमचं नाव काढतील.

वजनाचं एक. पुढे २४ ऐवजी १२ माणसं बसवली की नाक हलकं होतं, भरलेली गॅली आली की पुन्हा जड. एकूण परिणाम वजन-तोलाच्या तक्त्यात मांडून दाखवा. परीक्षकानं विचारायच्या आधी तो तक्ता पुढे ठेवलात तर अर्धं काम झालं.

ड्रॉइंग जमा करायच्या आधी पहिल्या पानावर फक्त दार, जंपसीट, टॉयलेट, गॅली आणि मोकळ्या सोडायच्या जागा काढा, सीट एकही नको. त्या पानावर आयलची मधली रेषा नाकापासून मागपर्यंत विनाअडथळा गेली तरच दुसऱ्या पानावर सीट मांडायला घ्या. लेदरचा रंग तुमचा तुम्ही ठरवा.