चीनला मासळी पाठवायची तर एजंट असा हवा

गोव्यात वास्कोतल्या ज्या कस्टम एजन्सीमार्फत आमचे चीनचे कंटेनर जातात, तिच्याबद्दल लिहायचे बरेच दिवस मनात होते. मालकांना जाहिरात आवडत नाही म्हणून नाव देत नाही, पण मासळीच्या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनी एजंटकडून काय मागावे, ते यातून कळावे.

आम्ही मर्चंट एक्सपोर्टर. कुटबण जेटीवर माल घ्यायचा, प्लांटमध्ये ग्रेडिंग करून गोठवून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला पाठवायचा. चीनला आमची मुख्यतः बाळे (रिबन फिश) जातात, थोडी माणकी (स्क्विड). आपल्याकडे बाळ्यांना इसवणाचा (सुरमईचा) मान नाही, पण तिकडे ते घरोघरी खाल्ले जातात. काही मासळी मात्र चीन स्वतःसाठी घेत नाही. चिंगदाओ, दालियनच्या कारखान्यांत ती साफ होते, तुकडे होऊन पुन्हा गोठते आणि जपान, युरोप, अमेरिकेला निघते. म्हणजे आपला माल कोणत्या देशाच्या ताटात पडणार, हे कित्येकदा तिथेच ठरते.

आता एजन्सीचे काम. शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सचा निर्यातीचा अर्ज भरणे, कंटेनर मिळवणे कोणीही करतो. यांची खरी किंमत आहे लेबलात. 1 जानेवारी 2022 पासून चीनच्या कस्टम्सचे 248 आणि 249 क्रमांकाचे आदेश लागू झाले, आणि परदेशी प्लांटची नोंदणी, पेटीवरचा मजकूर, सगळेच कडक झाले. मासळीच्या वेष्टनावर चिनी आणि इंग्रजीत मालाचे नाव, शास्त्रीय नाव, उत्पादनाची तारीख, बॅच, किती दिवस टिकेल, कोणत्या तापमानात ठेवायचे, मासळी समुद्रातली की तलावातली, कुठल्या भागातली, प्लांटचा नोंदणी क्रमांक आणि माल चीनसाठी आहे ही नोंद, एवढे लागते. शिवाय हा नोंदणी क्रमांक बाहेरच्या पेटीवरही हवा आणि आतल्या पिशवीवरही.

गेल्या हंगामातली गोष्ट. कंटेनर प्लांटच्या दारात लागला होता, त्याला थंड ठेवणारा जेनसेट चालू होता, पेट्या चढायच्या बाकी होत्या. एजन्सीतली एक ताई लेबल बघायला आली. पेटीवरचे सगळे बरोबर होते. तिने एक पेटी फोडायला सांगितली, आतली पिशवी उजेडात धरली आणि मोबाईलवरच्या नोंदणीपत्राशी एकेक आकडा बोटाने ताडून पाहिला. शेवटून तिसरा आकडा वेगळा होता. छपाईवाल्याने घोळ घातला होता. तिने मालकांना फोन लावला आणि त्यांनी मला एवढेच सांगितले, ‘बाय, आज गाडी सोडू नका.’ गिऱ्हाईक रोज फोन करत होते, जहाजाची जागा ठरलेली होती, तरी मालक हटले नाहीत. पुढचे जहाज त्यांनीच शोधून दिले, आणि तोवर थंड खोलीत बसून सगळा माल नव्या पिशव्यांत भरला गेला.

तो कंटेनर तसाच गेला असता, तर चिनी बंदरात अडकला असता. रीफर, म्हणजे थंड कंटेनर, अडकला की विजेचे भाडे आणि डेमरेज (उशिराचा दंड) रोज चढते, आणि शेवटी माल परत आणा नाहीतर नष्ट करा, असे पत्र येते. एका कंटेनरने छोट्या निर्यातदाराचा हंगाम जाऊ शकतो. 2020 मध्ये वेष्टनावर करोनाचा विषाणू सापडल्याचे सांगून चीनने काही भारतीय निर्यातदारांच्या मालाची आयात थांबवली होती. तो काळ ज्यांनी भोगला, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

सरकारी एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन एजन्सीचे हेल्थ सर्टिफिकेट, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) यांतले वजन, पेट्यांची संख्या आणि तारखा आमचे एजंट समोरासमोर ठेवून जुळवतात. मुरगावहून सोयीचे जहाज नसले की माल रस्त्याने न्हावा-शेव्याला नेतात आणि वाटेत तापमान -18 अंशांच्या वर गेले नाही ना, याची नोंद मागतात. आशिया-पॅसिफिक व्यापार करारातली आयात शुल्काची सवलत आपल्या मालाला लागू नसेल, तर प्रमाणपत्राच्या नावाने उगाच पैसे घेत नाहीत, हे मला फार भावले.

उणे काय? दर इतरांपेक्षा जास्त आहेत. बिल एकरकमी येते, वाहतूक किती, बंदराचे किती, त्यांचे स्वतःचे किती, हे मागून घ्यावे लागते. हे त्यांनी सुधारलेच पाहिजे. संध्याकाळी उशिरा फोन उचलत नाहीत, आणि आपली मासळीची खरेदी-विक्री तर पहाटेच सुरू होते.

त्यांच्या ऑफिसात बसले की गोव्यातल्या खाणींचा विषय निघतोच. 2012 च्या खाणबंदीपूर्वी हीच माणसे लोहखनिजाची कागदपत्रे करायची. चीन 2001 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, तिथली पोलाद भट्टी पेटली आणि आपले कमी प्रतीचे खनिज, ज्याला आधी कोणी विचारत नव्हते, तेही बार्जमागून बार्ज मांडवी-जुवारीतून जाऊ लागले. शिखराच्या काळात ते वर्षाला 5 कोटी टनांच्या आसपास गेले, त्यातले बहुतेक चीनला. मग सगळे थांबले आणि बार्जवाले, ट्रकवाले, हे एजंट सगळेच बसले. मालकांच्या मते मासळीवाल्यांनीही एकाच देशावर अवलंबून राहू नये, आणि मला ते मनापासून पटते. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने 50 टक्के शुल्क लावल्यावर कोळंबीवाले चीनकडे वळू लागले, तेव्हा त्यांनी आम्हाला जपानच्या गिऱ्हाइकांची कागदपत्रेही तयार ठेवायला लावली.

जायचे असेल तर जुलैत जा. मासेमारी बंदी 31 जुलैला संपते, आणि एकदा बाळ्यांचा माल लागला की त्यांना डोके वर काढायला वेळ नसतो. सोबत लेबलचा मसुदा, प्लांटचे नोंदणीपत्र आणि आतल्या पिशवीचा छापील नमुना न्या. नुसता पेटीचा फोटो दाखवलात तर ते परत पाठवतील.