मेश की ब्लेंड? अमूर्त व्हेक्टर चित्र करणाऱ्यांसाठी

वळत जाणारे पट्टे, एका रंगातून दुसऱ्या रंगात विरघळणारे आकार, असे काही व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी रेघा-वक्रांनी बनणाऱ्या चित्रात, करायचे म्हटले की दोन वाटा समोर येतात: ग्रेडियंट मेश (आकारावर पसरलेली रंगांची जाळी) किंवा ब्लेंड (दोन रेघा किंवा आकारांमधल्या पायऱ्या आपोआप भरून घेणे). अडोबीच्या इलस्ट्रेटर या व्हेक्टर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मेश आणि नंतर कधीही बदलता येणारा लाइव्ह ब्लेंड हे दोन्ही 1998 साली, आठव्या आवृत्तीत एकदमच आले. कोणती वाट धरावी हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. मी दोन्हींवर बराच काळ काम केले आहे. हल्ली कोरा आर्टबोर्ड (चित्राचे पान) उघडला की माझा हात आधी ब्लेंडकडे जातो. तुमचे काम वेगळ्या जातीचे असेल तर तुमचा कौल वेगळा पडू शकेल, म्हणून कारणे नीट मांडतो.

मेशची ताकद मान्य करूनच पुढे जायला हवे. आकारावर जाळी पसरते आणि जाळीच्या प्रत्येक गाठीला स्वतःचा रंग देता येतो. आकाराच्या मधोमध, कडेला कुठेही न लागता, फिकट पिवळा उजेड हवा आहे, तो डावीकडे जांभळ्यात आणि खाली विटकरीत उतरायला हवा आहे: हे मेशमध्ये एका गाठीचे काम आहे. इलस्ट्रेटरच्या सीएस5 आवृत्तीपासून, म्हणजे 2010 नंतर, प्रत्येक गाठीची अपारदर्शकताही वेगळी ठेवता येते. त्यामुळे आकाराची एक बाजू ठसठशीत आणि दुसरी पार्श्वभूमीत विरून गेलेली, असा परिणाम फार सुंदर साधतो. ब्लेंडमध्ये तो इतक्या सहज येत नाही.

मग अडते कुठे? गाठ वाढवताना. मेशची जाळी अखंड असते. वरच्या डाव्या कोपऱ्यात थोडी गडद छटा हवी म्हणून तिथे क्लिक केले, की त्या बिंदूतून एक आडवी आणि एक उभी रेघ निघते, आणि दोन्ही आकाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. काम होते कोपऱ्यात, पण खाली उजवीकडे जिथे रंग शांत बसला होता तिथेही नव्या गाठी उगवतात. आधीच्या रेघेवरच क्लिक केले तर एकच नवी रेघ पडते, आणि ही युक्ती मी नेहमी वापरतो. तरीही ती रेघ आरपारच जाते.

रंग भरून होईपर्यंत याचा त्रास जाणवत नाही. तो जाणवतो आकार हलवायला गेल्यावर. समजा एस आकाराचा पट्टा आहे आणि त्याचे वरचे वळण थोडे आवळायचे आहे. कडेचा एक बिंदू आत ओढला की वळणाच्या आतल्या बाजूला जाळीच्या रेघा एकमेकींवर चढतात, हँडल (बिंदूला जोडलेल्या, वळण ठरवणाऱ्या दांड्या) एकमेकांना ओलांडतात, आणि गुळगुळीत रंगावर काळपट चुणी पडते, ओढल्या गेलेल्या शिवणीजवळ कापडाला पडते तशी. ती घालवायला तिथल्या प्रत्येक गाठीची हँडल हाताने सरळ करत बसावे लागते. ती सरळ होईपर्यंत शेजारच्या चौकटीत दुसरी चुणी दिसू लागते.

फोटोवरून फळ किंवा चेहरा काढणाऱ्याला हे चालून जाते, कारण अंतिम आकार त्याच्यासमोर आधीपासून असतो. अमूर्त चित्रात तसा नमुना नसतो. आकार हलवून, बदलून, मोडूनच चित्र सापडत जाते. विचार बदलण्याची मोकळीक हे त्या कामाचे मूळ भांडवल आहे, आणि मेश नेमकी तीच मोकळीक महाग करून ठेवते. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला.

ब्लेंडमध्ये सगळी सत्ता दोन टोकांकडे असते. एक वक्र रेघ काढा, स्ट्रोक (रेघेची जाडी) एक पॉइंट. तिचीच प्रत करून बाजूला सरकवा आणि प्रतीचे बिंदू हवे तसे वळवा. दुसरी रेघ नव्याने काढण्यापेक्षा प्रत केलेली बरी, कारण मग बिंदूंची संख्या आणि रेघेची दिशा जुळते. ती जुळली नाही तर मधल्या रेघांना पीळ पडतो. (कधी तो पीळच चित्राचा जीव ठरतो, पण तो आपण ठरवून घातलेला असावा.) दोन्ही निवडून कंट्रोल-ऑल्ट-बी दाबा आणि पर्यायांत ठरावीक पायऱ्या, साधारण दोनशे, असे सांगा. पट्टा तयार. आता थेट निवडीच्या बाणाने एका टोकाचा एकच बिंदू ओढा, मधल्या दोनशे रेघा मुकाट्याने मागे येतात. रंग बदलायचा तर दोन ठिकाणी बदलायचा. पट्टा आवडला नाही तर ब्लेंड सोडवून पुन्हा दोन रेघांवर यायचे.

2012 च्या सीएस6 पासून स्ट्रोकलाच ग्रेडियंट देता येतो. त्यामुळे रेघेच्या लांबीवर एक रंगबदल आणि पट्ट्याच्या रुंदीवर दुसरा, असे दोन्ही मिळतात. मेशच्या इतके जवळ जाता येते हे कळल्यावर माझ्या कामातून मेश बरीच मागे पडली.

ब्लेंडच्या खोडीही आहेत. गडद निळा आणि केशरी अशी परस्परविरोधी टोके घेतली तर आरजीबीमध्ये (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा रंगपद्धतीत) मधला भाग मळकट राखाडी होतो. उपाय सोपा आहे: मध्ये तिसरी रेघ ठेवा, तिला गडद गुलाबी रंग द्या आणि तिन्हींचा मिळून ब्लेंड करा. ब्लेंड एखाद्या स्पाइनवर (पायऱ्या ज्या रेघेवरून जातात तिच्यावर) बसवला आणि त्या स्पाइनला टोकदार कोपरा असला, तर आतल्या बाजूला पायऱ्यांची दाटी होते आणि बाहेरच्या बाजूला फट पडते, म्हणून कोपरे गोल ठेवावेत. शिवाय बारीक रेघा जवळजवळ आल्या की डोळ्यासमोर थरथर सुरू होते. ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली यांनी 1964 च्या ‘करंट’ या चित्रात ही थरथर मुद्दाम उभी केली होती. तुम्हाला ती हवी असेल तर ब्लेंडसारखे साधन नाही. स्थिर, रेशमी पृष्ठभाग हवा असेल तर स्ट्रोक जाड करा म्हणजे रेघा एकमेकींवर चढतील, किंवा सरळ मेश घ्या.

फाइल पुढे कुठे जाणार याचाही विचार आधीच करावा. ब्लेंड एसव्हीजीमध्ये (वेबवरच्या व्हेक्टर फाइलच्या प्रकारात) गेला की त्याच्या सुट्या रेघा होतात. फाइल फुगते, पण व्हेक्टरपण टिकते. मेशचे मात्र तिथे सहसा पिक्सेलचे चित्र होऊन बसते. ब्राउझर मेश ग्रेडियंट मुळातून ओळखत नाहीत. छपाईच्या पीडीएफला मेश चांगली पेलते.

इंकस्केप या मोफत व्हेक्टर सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांसाठी पारडे थोडे वेगळे आहे. तिथले इंटरपोलेट एक्स्टेन्शन मधल्या रेघा काढून देते, रंगही मिसळते, पण निकाल गोठलेला असतो. टोक हलवले की जुना गट पुसून पुन्हा चालवावे लागते. मेश मात्र 2017 च्या 0.92 आवृत्तीपासून आहे आणि ती कधीही संपादित करता येते. म्हणजे ज्या मोकळिकीसाठी मी ब्लेंड निवडतो ती तिथे पुरती मिळत नाही. तरी पट्ट्यांच्या चित्रासाठी मी तिथेही पुन्हा चालवण्याचा त्रास पत्करतो, कारण चुण्या काढत बसण्यापेक्षा तो लवकर संपतो.

2018 च्या ऑक्टोबरपासून इलस्ट्रेटरमध्ये फ्रीफॉर्म ग्रेडियंटही आहे: जाळीशिवाय, आकारात हवे तिथे रंगाचे बिंदू ठेवायचे. मोकळ्या पार्श्वभूमीला तो पुरेसा आहे. वळणाऱ्या पट्ट्यांच्या बाबतीत मला तो कमी पडतो.

मेश शिकायचीच असेल तर आयतापासून सुरुवात करा, ओळी आणि स्तंभ कमीत कमी ठेवा, आधी आकार वाकवून घ्या आणि मगच गाठी वाढवा. बाहेरची कड हवी तशी कापायला क्लिपिंग मास्क (वर ठेवलेल्या आकाराबाहेरचे सगळे झाकणारे साधन) आहे, जाळीला प्रत्येक खाच भोगायला लावू नका. मी स्वतः आता मेश तळाच्या लेअरवर ठेवतो: दोन ओळी, दोन स्तंभ, मंद रंग. पट्टे सगळे ब्लेंडचे, आणि त्यांची टोके वेगळ्या लेअरवर उतरवून कुलूपबंद, म्हणजे मधे काहीही मोडले तरी पुन्हा उभे करता येते.