निळ्या प्रकाशाच्या दोन अळ्या

बुरशीमाश्यांच्या केरोप्लॅटिडी कुळातील न्यूझीलंडची अराक्नोकॅम्पा लुमिनोसा आणि अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगररांगांतील ऑर्फेलिया फुल्टोनी या दोन्ही जातींच्या अळ्या निळसर प्रकाशाने लहान किड्यांना भुलवून खातात. शिकारीची रीत मात्र निराळी आहे. न्यूझीलंडमधील वायटोमोच्या गुहांत दिसणारी पहिली अळी, जिला माओरी लोक टिटिवाई म्हणतात, छताला रेशमी नळी विणते, तिच्यातून चिकट थेंब ओवलेले धागे खाली सोडते आणि भक्ष्य अडकले की तो धागा तोंडाने वर ओढून घेते. ऑर्फेलिया ओढ्याकाठच्या शेवाळात व खडकांच्या कपारींत चिकट जाळे पसरून बसते.

खरा विलक्षण भेद शरीराच्या आत आहे. अराक्नोकॅम्पाचा प्रकाश शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकणाऱ्या मालपिघी नलिकांच्या टोकांतून, म्हणजे शेपटीकडून येतो. ऑर्फेलियाचे प्रकाशावयव मात्र शरीराच्या दोन्ही टोकांना असून त्यांचा या नलिकांशी संबंध नाही. प्रकाश निर्माण करणारी रसायनेही इतकी वेगळी आहेत की एकीचे द्रव्य दुसरीच्या विकराबरोबर (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाबरोबर) उजळत नाही. त्यामुळे एकाच कुळात ही क्षमता दोनदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली असावी, हे मत मला सर्वांत पटण्याजोगे वाटते. ऑर्फेलियाचा सुमारे 460 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश कीटकांत सर्वाधिक निळा मानला जातो. अराक्नोकॅम्पाचा किंचित हिरवट असतो.

ऑर्फेलियाची प्रौढ माशी प्रकाशत नाही. अराक्नोकॅम्पाची मादी कोषातही उजळते आणि ती बाहेर येण्यापूर्वीच नर तिच्यापाशी येऊन थांबतात.