भूकॅम्प ॲप आणि फोनमधला भूकंप अलर्ट, चिपळूणकरांच्या किती कामाचे?

कोयनेचा धक्का बसला की आमच्याकडे ग्रुपवर पहिला प्रश्न एकच, धरणाला काही झालं नाही ना? ११ डिसेंबर १९६७ ची पहाट बघितलेली माणसं अजून घराघरात आहेत, ६.३ चा होता तो, जवळपास १८० माणसं गेली, त्यामुळे अफवा पसरायला वेळ लागत नाही. म्हणून भूकॅम्प टाकून घ्याच. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं ॲप आहे, किती रिश्टर, किती खोल, नकाशावर कुठे ते सगळं दिसतं. आकडा फॉरवर्ड करायचा तर इथलाच करा.

दुसरा ॲन्ड्रॉइडचा अलर्ट, भारतात २०२३ पासून आहे. ह्याची आयडिया मला जाम आवडली, स्क्रीन आडवी-उभी करणारा जो सेन्सर असतो तोच टेबलावर पडल्या पडल्या जमिनीची पहिली हलकी लाट पकडतो, एका भागातल्या भरपूर फोननी एकदम तेच कळवलं की सर्व्हर भूकंप ओळखतो आणि जोराची लाट पोचायच्या आत लांबच्या लोकांना मेसेज जातो. पण लांबच्या, हे नीट लक्षात घ्या! चिपळूण ते कोयनानगर सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, जोराची लाट सेकंदाला साडेतीनच्या आसपास किलोमीटर जाते, म्हणजे आठ-नऊ सेकंदात दारात, त्यातले काही सेकंद तर ओळखण्यातच जाणार. कोयनेच्या आणखी जवळ असलेल्या पोफळी-अलोरेवाल्यांनी अलर्टची वाट बघूच नये, मांडणीवरची ताटं खुळखुळली की डोकं झाकून सरळ टेबलाखाली. रत्नागिरीला थोडे जास्त सेकंद मिळू शकतात. आणि ४.५ च्या खाली तो वाजतच नाही, आपल्याकडचे बहुतेक धक्के त्याहून लहान, तेव्हा वाजला नाही म्हणून बिघडला समजू नका.

मला हवंय ते ह्या दोन्हीत नाही. भूकंपमापक, फोन, लोकांनी कळवलेले हादरे आणि धरणाची स्थिती एका स्क्रीनवर यायला हवी. २०२५ ला गेलेल्या निसार उपग्रहाचं रडार ढगातूनही जमीन सरकलेली टिपतं, आपल्या पावसाळ्यात, दरडींच्या गावांना त्याचा केवढा उपयोग! मदत आधी कुठल्या वाडीत पाठवायची ते तहसीलला तिथेच दिसलं पाहिजे.

भूकॅम्पला ४ स्टार, अलर्टला आपल्या भागापुरते ३. सेटिंग्जमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सीत अर्थक्वेक अलर्ट्स ऑन करा, लोकेशन चालू ठेवा, आणि आईवडिलांच्या फोनवर पण आजच करून द्या.