इंजिनाच्या पोटातला स्टोव्ह: गन्सन कलरट्यूनचा अनुभव

आधी वस्तू काय आहे ते सांगते. दिसायला साधा स्पार्क प्लग, पण एरवी जिथे पांढरी चिनी माती असते तिथे याला काच आहे. इंजिनाचा एक प्लग काढायचा, त्या जागी हा बसवायचा, इंजिन चालू करायचं आणि काचेतून सिलिंडरच्या आत जळणारं पेट्रोल बघायचं. पिवळं दिसलं तर पेट्रोल जास्त, पांढुरकं दिसलं तर हवा जास्त, आणि बन्सन बर्नरसारखं निळं दिसलं की मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, बरोबर.

मला बन्सन बर्नर आठवायची गरज पडली नाही. माझे वडील, आप्पा, मिरजेत रॉकेलचे स्टोव्ह दुरुस्त करायचे. शाळा सुटली की मी दुकानात बसून निपलचं भोक साफ करायच्या पिना मोजून पुड्या बांधायचे. पिवळी ज्योत म्हणजे भांड्याला काजळी आणि गिऱ्हाइकाची कटकट, निळी ज्योत म्हणजे पैसे चुकते, हे मला पाढ्यांच्या आधी कळत होतं. आता मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे, आणि घरासमोर १९७१ची एमजीबी रोडस्टर, उघड्या टपाची ब्रिटिश गाडी, उभी असते. रंग ब्राँझ यलो. मुलगी तिला नुसतं ‘पिवळी’ म्हणते.

एमजीबी ही इथली दुर्मिळ गाडी नाही. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, सगळे प्रकार धरून पाच लाखांच्या वर. म्हणून सुटे भाग आजही मिळतात आणि माझ्यासारखी बाई रविवारी अर्धा इंचाचा पाना घेऊन तिच्यावर हात साफ करू शकते. (मिलिमीटरचे पाने इथे कामाचे नाहीत. माझा पहिला सेट मिलिमीटरचा होता, दोन नटांचे कोपरे गेल्यावर शहाणपण आलं.) चाळीस वर्षांच्या वरच्या गाडीला रोड टॅक्स नाही, आणि २०१८पासून गाडी रस्त्यावर आणण्याजोगी आहे का बघणारी वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. म्हणजे सरकारने विश्वास टाकलाय की मी ब्रेक स्वतः बघेन. बघते.

या गाडीचं १७९८ सीसीचं इंजिन दोन एसयू कार्बोरेटरवर चालतं. कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, एसयू ही त्याची कंपनी. पुढचा एक आणि दोन नंबरच्या सिलिंडरला पुरवतो, मागचा तीन आणि चारला. एसयू उघडून बघितला तेव्हा मला हसूच आलं. आत एक निमुळती सुई, खाली पितळी जेट. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन हवा ओढतं, त्या ओढीने वरचा पिस्टन उचलला जातो, त्याच्यासोबत सुई वर सरकते, आणि सुई बारीक होत जाते तसं जेटच्या भोकातून पेट्रोल जास्त येतं. स्टोव्हचं निपल आणि पिन! फरक इतकाच की इथे पिन कायम आतच असते. एसयूचे जनक स्किनर बंधू जोड्यांच्या धंद्यातल्या घराण्यातले, आणि त्यांच्या अगदी पहिल्या कार्बोरेटरमध्ये पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता. हे आप्पांना सांगितलं तर म्हणाले, “मग? पंपाचं वायसरपण चामड्याचंच की.”

मिक्श्चर बदलायचं तर जेटखालचा षट्कोनी नट फिरवायचा. एक बाजू म्हणजे एक षष्ठांश फेरा. नट खाली नेला की जेट उतरतं, पेट्रोल वाढतं. वर नेला की कमी. कार्बोरेटर नव्याने जोडल्यावर जेट पार वर नेऊन तिथून बारा बाजू, म्हणजे दोन पूर्ण फेरे खाली आणायचे आणि मग बारीक जुळणी करायची, अशी रीत आहे. ही बारीक जुळणी कानाने करणारी माणसं आहेत. आमच्या शेजारचे आजोबा त्यांतले. कार्बोरेटरचा पिस्टन बोटाने किंचित, मिलिमीटरपेक्षाही कमी, उचलायचा आणि ऐकायचं. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन आचके देऊन बंद पडायला लागलं तर कमी, क्षणभर वाढून पुन्हा खाली बसलं तर ठीक. आजोबांना ऐकू येतं. मला चारही सिलिंडर एकाच सुरात कुरकुरताना ऐकू येतात. म्हणून हे काचेचं खेळणं.

मी ते एका ऑटोजंबलमध्ये, जुन्या गाड्यांच्या सामानाच्या बाजारात, वीस पौंडांना घेतलं. डब्यात प्लग, त्याला जोडायची लांब वायर आणि आरसा लावलेली बघायची नळी. नळी बिनकामाची म्हणून बाजूला ठेवणार होते. ठेवली असती तर पस्तावले असते, ते पुढे येईल.

पहिली गोष्ट: इग्निशन, म्हणजे ठिणगीची यंत्रणा, नीट नसेल तर कलरट्यूनला हातच लावू नका. ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट जळालेले असतील तर आधी ते बदला, गॅप पंधरा थाऊ, म्हणजे ०.०१५ इंच. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरची, फट इंजिन थंड असताना तेवढीच, हे एक बरं, फिलर गेजची एकच पट्टी. मग टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ. मग कार्बोरेटर. मी उलटं सुरू केलं होतं आणि एक अख्खा शनिवार घालवला.

दुसरी गोष्ट: हे काम गॅरेजच्या आत दार लावून करायचं नाही. ज्योत अंधारात छान दिसते म्हणून मोह होतो, पण चालू इंजिनाचा धूर कोंडला तर माणूस मरतं. मी ऑक्टोबरातली संध्याकाळ निवडली, गाडी बाहेर, सहाच्या सुमारास, उजेड जरा उतरल्यावर. इंजिन आधी साध्या प्लगवर चांगलं तापवून घेतलं, कारण काचेच्या प्लगवर फार वेळ चालवायचं नसतं. मग एक नंबरचा प्लग काढून काचेचा लावला. आधी नुसत्या बोटांनी फिरवून आटे बसवायचे, पाना शेवटी.

इंजिन सुरू झालं आणि काचेत पिवळा जाळ भडकला. शोभेचा नाही, सरळ रॉकेलचा. मी ओरडलेच. पंचावन्न वर्षांची ही गाडी आतून कशी जळते ते मी पहिल्यांदा बघत होते, आणि ते हुबेहूब दुकानातल्या बिघडलेल्या स्टोव्हसारखं होतं.

आता खरी अडचण. एमजीबीचे प्लग इंजिनाच्या उजव्या अंगाला आहेत आणि कार्बोरेटर डाव्या. नट फिरवायला डावीकडे वाकायचं, रंग बघायला बॉनेटला वळसा घालून उजवीकडे यायचं, पुन्हा डावीकडे. चार प्रदक्षिणा झाल्यावर मुलीला हाक मारली. तिने आरशाची नळी प्लगवर धरली, नळीवर मोबाइल, आणि मला पलीकडून रंग सांगायला लागली. “आई, पिवळं. अजून पिवळं. आई, अगं पिवळंच आहे!” मी नट वर चढवत होते, चढवत होते, आणि शेवटी जेट पार वर टेकलं. ज्योत तशीच. हाताला एक्झॉस्टचा चटका बसला तो वेगळा.

मागचा कार्बोरेटर मात्र शहाण्या मुलासारखा वागला. तीन नंबरला प्लग लावला, दोन बाजू वर, आणि मुलगी गप्प झाली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “सुंदर दिसतंय.” आमच्या जुन्या मातीच्या तुळशीवृंदावनामागे आप्पा रात्री स्टोव्ह तपासायला लावायचे, त्या निळ्याची मला आठवण आली. मी पण दोन मिनिटं बघत उभी राहिले, काम सोडून.

पुढच्याचं कोडं सुटेना, म्हणून दोन्ही ज्योतींचा व्हिडिओ आप्पांना पाठवून झोपले. आप्पा चौऱ्याऐंशीचे. पहाटे पाचला फोन, तिकडे साडेनऊ वाजलेले.

“काय गं, पिळतीस आणि फरक पडत नाही?”

“नाही ना आप्पा. पार टोकाला गेलं.”

“मग दोष तिथं नाहीच की. मागनं किती येतंय ते बघ. आणि तुम्ही तिकडं इतक्या उशिरापर्यंत झोपता का?”

“आप्पा, पाच वाजलेत इथे. झोपलेलेच होते मी.”

मागनं म्हणजे फ्लोट चेंबर, कार्बोरेटरची पेट्रोल साठवायची वाटी. आत तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. पुढच्याची ओव्हरफ्लोची नळी टोकाला ओलसर होती, मी ते पावसावर ढकललं होतं. झाकणाचे तीन स्क्रू काढले. महिनाभरापूर्वीच एका दुकानातून दुरुस्तीचा किट मागवून दोन्ही कार्बोरेटरमध्ये नव्या निडल व्हॉल्व्ह, वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या झडपा, बसवल्या होत्या. पुढची नीट बसतच नव्हती. सीटच्या कडेला डोळ्यांनी दिसेल असा बारीक कंगोरा राहिलेला, त्यातून पेट्रोल झिरपत राहायचं आणि पातळी वर चढायची. नवं म्हणजे चांगलं असं धरून चालले होते, ही माझी चूक. दुकानाने दुसरा पाठवला, पण पोस्टाचा खर्च माझा, आणि दोघांतला संवाद इतका थंड की पेट्रोल गोठावं. आता टोकाला रबर असलेली व्हिटॉनची निडल लावली आहे. फ्लोट जुळवायला झाकण उलटं धरून फ्लोटखाली १/८ इंचाची ड्रिल बिट सरकवायची. बिट जेमतेम बसली की झालं.

त्यानंतर पुढचा कार्बोरेटर अर्ध्या तासात निळा झाला.

एक सांगून ठेवते. एक आणि दोन नंबरचे रंग डिट्टो सारखे येत नाहीत. या इंजिनात दोन सिलिंडरना आत येण्याची वाट एकच आहे, पाळीपाळीने ओढतात, त्यामुळे थोडा उन्नीस-बीस फरक राहतो. तो घालवायच्या नादात मी एक संध्याकाळ नट मागेपुढे केला. तुम्ही करू नका.

कलरट्यूनची मला सर्वांत आवडलेली करामत वेगळीच आहे, आणि ती मी घेताना कोणी सांगितली नव्हती. निळी ज्योत चालू असताना ॲक्सिलरेटर झटक्यात दाबा. क्षणभर नारिंगी झळक येते आणि ज्योत पुन्हा निळी. ही झळक यायलाच हवी. कार्बोरेटरच्या पिस्टनच्या वर एक तेलाची कुपी आहे, तिच्यामुळे पिस्टन एकदम उसळत नाही, तेवढ्या वेळात इंजिन पेट्रोल जास्त ओढतं आणि गाडी अडखळत नाही. माझ्या मागच्या कार्बोरेटरला झळक येत नव्हती, उलट ज्योत पांढरी पडून इंजिन खोकायचं. कुपी उघडली, कोरडी ठाक. एसएई २० तेल टाकलं, आणि खोकला गेला. याच खोकल्यापायी मी आधी नव्या प्लग-वायरी घेतल्या होत्या. त्या पैशांत तीन कलरट्यून आले असते.

पेट्रोलचंही लक्षात ठेवा. इथे सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१० आहे, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच जुळणीवर ज्योत पांढुरकीकडे झुकते. शिवाय जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात. मी महागडं ई५, पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, भरते. पुण्यातला माझा मावसभाऊ जुनी बुलेट चालवतो, त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडे पंपावर निवड असते का ताई?

कमतरता? आहेत. एका वेळी एकच सिलिंडर दिसतं, म्हणजे चार वेळा प्लग काढघाल. इंजिन जागेवर चालत असतानाचंच मिक्श्चर कळतं. चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, जोर लावताना आत काय होतंय ते ही काच सांगणार नाही, त्याला एक्झॉस्टमध्ये सेन्सर बसवणारं मीटर लागतं आणि त्याची किंमत वेगळी. भर दुपारी निळं आणि पांढुरकं यांतला फरक डोळ्याला कळत नाही. दर वेळी काच आतून पुसावी लागते, नाहीतर काजळीलाच तुम्ही पिवळी ज्योत समजाल. आणि दोन कार्बोरेटर सारखी हवा ओढतात की नाही ते आधी जुळवावं लागतं. मी रबरी नळीचं एक टोक कानाला आणि एक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून फुसकारा ऐकते. तेवढं मात्र मलाही ऐकू येतं.

पाचपैकी चार तारे. शेजारच्या आजोबांना दाखवलं तर त्यांनी काचेत डोकावून, “बरोबर, मी म्हणालो होतो तसंच,” असं म्हटलं आणि आत चहाला गेले.

सध्या चार नंबरच्या ज्योतीत, निळ्याच्या मधून, एक बारीक पिवळी रेघ येते-जाते. नट फिरवून हलत नाही. आप्पांच्या हिशोबाने दोष तिथे नाही. बहुतेक व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून तेल उतरतंय. त्यासाठी वरचं झाकण काढावं लागेल, आणि ते मी जानेवारीत, बाहेर बर्फ असताना, हात गोठवून घेत करणार आहे असं मुलगी सगळ्यांना सांगत सुटली आहे.