सेसना १७२ मधील परिचय-उड्डाण : अभिप्राय

छोटे विमान म्हणजे जिवाशी खेळ, हा सर्वसाधारण समज १९५६ साली बाजारात आलेल्या या चार आसनी विमानाबाबत निम्माच खरा आहे. प्रशिक्षकांनी पंखातील टाकीतून थोडे निळसर इंधन पारदर्शक नळीत काढले आणि तळाशी पाण्याचा थेंब तर नाही ना, हे उजेडात धरून दाखवले. पुढे धावपट्टीच्या तोंडाशी दोन्ही मॅग्नेटो (इंजिनातील इंधन पेटवणारी ठिणगी पुरवणारी उपकरणे) आळीपाळीने बंद करून इंजिन एकावरही चालते, याची खात्री करून घेतली. इंजिन बंद पडले तरी विमान दगडासारखे कोसळत नाही, तरंगत खाली येते. मात्र प्रवासी विमानसेवेइतकी सुरक्षितता येथे नाही आणि बिघडत्या हवामानात निघण्याचा मोह जीवघेणा ठरतो, हे उड्डाण घडवणाऱ्या क्लबच्या माहितीपत्रकात ठळकपणे छापायला हवे होते. आसने अरुंद आहेत. दृश्य मात्र अप्रतिम.