लॅमिंग्टन रोड: फॉरमॅट न मारता लॅपटॉप दुरुस्ती

ग्रँट रोड स्टेशनहून चालत गाठता येणारं, पोटमाळ्यावरचं छोटं दुकान. विंडोज ११ अपडेटनंतर लॅपटॉप सुरूच होईना, की बहुतेक ठिकाणी पहिलं वाक्य ‘फॉरमॅट मारावा लागेल’. इथे तसं नाही, आणि पैसे त्याचेच.

आधी बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, ४८ अंकी रिकव्हरी की मागतात. ती सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, घरूनच लिहून न्या. मग रिकव्हरी स्क्रीनवर ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. तिथून शेवटचं क्वालिटी अपडेट काढतात. विंडोज उघडलं की आधी डिझम (विंडोजच्या मूळ फाइलींचा साठा दुरुस्त करणारी कमांड), मग एसएफसी (बिघडलेल्या सिस्टिम फाइली बदलणारी). क्रम उलटा चालत नाही, कारण डिझमने दुरुस्त केलेल्या साठ्यातूनच एसएफसी चांगल्या फाइली उचलतं. फक्त वायफाय किंवा आवाज गेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’. बटण फिकट दिसलं तर मागचा ड्रायव्हर उरलेला नाही. मग ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्यायचा.

खटकतं एकच: अपडेट पॉज करून देत नाहीत, त्यामुळे काढलेलं अपडेट परत येऊन बसतं. सेटिंग्जमध्ये जाऊन ते आपणच करा. आणि विंडोजचं व्हर्जनच बदललं असेल तर रेंगाळू नका, मागे जायची सोय एरवी १० दिवसच असते.